जिच्या हाती दोरी

"मराठी विभागासाठी काहीतरी दे ना," असं संपादिका म्हणाली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. कारण उघड आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे वर्गात मराठी बोललं की दंड भरावा लागायचा आणि मराठीचा पेपर म्हणजे फक्त पास होण्यापुरता. घरी आईशी बोलते तेवढंच माझं मराठी! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर ते माझं आणि बरोबर दिसलं तर संपादिकेचं, असं समजून पुढे वाचा. पण ही गोष्ट मराठीतच लिहायला हवी होती. का, ते पुढे कळेलच.

झालं असं, की गेल्या डिसेंबरमध्ये सबमिशन्स संपल्या संपल्या रेक्टर मॅडमनी दोन्ही हॉस्टेल्सच्या मिळून ३२ जणांना एका दिवसाच्या 'रोप्स कोर्स'ला नेलं. नोटीस लागली तेव्हा एकाने गंभीरपणे विचारलं होतं, "हा कोर्स किती क्रेडिटचा?" तर मंडळी, या कोर्सला क्रेडिट नाही, ओरल नाही आणि केटीपण लागत नाही. जाड दोऱ्या, लोखंडी केबल्स, लाकडी खांब, फळ्या आणि जाळ्या वापरून मोकळ्या मैदानात किंवा झाडांमध्ये अडथळे उभे करतात. ते एकट्याने पार करता येऊ नयेत, अशीच त्यांची रचना असते. जमिनीपासून एक-दोन फुटांवरच्या अडथळ्यांना 'लो एलिमेंट्स' म्हणतात. २५-३० फुटांवरचे ते 'हाय एलिमेंट्स'. सकाळी लो, दुपारी हाय आणि संध्याकाळी गोल बसून गप्पा, असा साधारण दिवस असतो. आमचा कॅम्प पौडच्या पुढे, मुळशीच्या बाजूला होता. मेसचे काका डबे घेऊन सोबत आले होते.

ही कल्पना आली कुठून?

दोरी आपल्याला नवीन नाही. दोरीचा मल्लखांब आपल्याकडचाच. पण तिथे दोरी आणि खेळाडू असा दोघांचाच मामला असतो. रोप्स कोर्सचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने ओंडके, खांब, दोऱ्या, भिंती यांवरून चढण्या-उतरण्याची व्यायामपद्धती तयार केली. सैन्याच्या 'ऑब्स्टॅकल कोर्स'चं मूळ तिथपर्यंत जातं.

दुसरा माणूस कुर्ट हान. हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ. हिटलरविरुद्ध उघडपणे बोलला म्हणून १९३३ मध्ये त्याला अटक झाली. सुटल्यावर तो ब्रिटनला गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवू लागल्या. तेव्हा असं बोललं जायचं, की लाइफबोटीत तरुण, धडधाकट खलाशी आधी धीर सोडतात आणि वयाने मोठे, अनुभवी खलाशी तगून राहतात. म्हणजे कमी पडत होतं ते शरीराचं बळ नव्हे! लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाच्या मदतीने हानने १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे तरुणांसाठी एक शाळा काढली. तिचं नाव 'आउटवर्ड बाउंड', म्हणजे बंदर सोडून निघालेलं जहाज.

१९७१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये 'प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर' सुरू झालं. डोंगरात नेऊन जे शिकवतात ते शाळेच्या मैदानातच का शिकवू नये, असा त्यांचा विचार होता. त्यातून आजचा रोप्स कोर्स घडला आणि त्यांच्याचकडून एक नियमही जगभर पोहोचला : 'चॅलेंज बाय चॉइस'. म्हणजे कुठलंही आव्हान घ्यायचं की नाही, कितपत घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बाकीच्यांनी धीर द्यायचा, ढकलायचं नाही. सकाळी इन्स्ट्रक्टर दादांनी हा नियम सांगितला तेव्हा मी मागे उभी राहून मोबाइलला रेंज शोधत होते.

आधी जमिनीवर

पहिला अडथळा 'स्पायडर वेब'. दोन खांबांमध्ये दोऱ्यांचं मोठं जाळं आणि त्यात लहान-मोठी, वर-खाली अशी भोकं. आम्ही १२ जण आणि भोकंही तेवढीच. प्रत्येकाने वेगळ्या भोकातून पलीकडे जायचं. दोरीला कोणाचाही स्पर्श झाला की सगळे परत!

आता १२ इंजिनिअर म्हटल्यावर १२ प्लॅन आलेच. सगळ्यात मोठा आवाज अर्थातच माझा होता. मी फर्ड्या इंग्लिशमध्ये सूचना देत होते. मोठी, खालची भोकं आधी वापरून टाकू, म्हणजे पटापट जाऊ, हा माझा फंडा. तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या दोघांवर येऊन अडकलो. मग दादा म्हणाले, "ज्यांनी आतापर्यंत सगळ्यात जास्त बोललंय, ते पुढच्या वेळी मुके." आम्हा चौघांची तोंडं बंद झाली.

तेव्हा एस.ई.ची एक मुलगी पुढे आली. उदगीरजवळच्या खेड्यातली, मराठी मीडियमची. ती म्हणाली, "पहिल्याला पलीकडे झेलायला कोणी नसतं आणि शेवटच्याला अलीकडून उचलायला कोणी नसतं. म्हणून खालची भोकं त्यांच्यासाठी ठेवा. वरच्या भोकांतून मधल्यांना उचलून द्या." इतकं सोपं! त्याच फेरीत आम्ही सगळे पार झालो. नंतर कळलं, की हेच तिने सुरुवातीलाही सांगितलं होतं. दादांनी ऐकलं होतं. मी तिच्या शेजारी उभी होते, तरी मला ऐकू आलं नव्हतं.

मग १२ फुटांची सपाट भिंत. तिला ना खाच, ना पकड. दहीहंडी बघितलेल्या माणसाला ही समजावून सांगायला नको. खालचे खांदे देतात, वर पोहोचलेले हात देतात. फरक इतकाच, की इथे चढणाऱ्याच्या मागे बाकीचे हात वर करून उभे राहतात. याला 'स्पॉटिंग' म्हणतात. पडणाऱ्याला अलगद झेलता येईल अशा समजुतीत राहायचं नाही. त्याचं डोकं आणि मान वाचवायची आणि त्याला पायांवर उतरवायचं, एवढंच स्पॉटरचं काम. मेसचे काका डबे सोडून भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यावरून निम्मं हॉस्टेल वर गेलं! त्या दिवसापासून पोळी कच्ची राहिली तरी त्यांना कोणी बोलत नाही.

थोडं मेकॅनिक्स

जेवणानंतर हाय एलिमेंट. दोन खांबांमध्ये ३० फुटांवर दोन केबल्स, एक पायाखाली आणि एक हाताला. पायाखालची केबल मधोमध चक्क झोळ घेत होती. मी टी.ई. मेकॅनिकलची, त्यामुळे लगेच म्हटलं, "दादा, ही ढिली झालीय, ताणून घ्या." दादा कॉमर्सचे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत कोर्स केलेले. ते हसले आणि म्हणाले, "ताणली तर तुटेल. तुम्ही शिकता ना हे?"

शिकतो हो, अगदी फर्स्ट इयरलाच! केबलच्या मधोमध माणूस उभा राहिला की दोन्ही बाजूंच्या ताणांचे उभे घटक मिळून त्याचं वजन पेलतात. म्हणजे ताण बरोबर वजन भागिले दोन साइन थीटा. थीटा म्हणजे केबलचा आडव्या रेषेशी कोन. समजा केबल १० मीटरची आणि माणूस ६० किलोचा, म्हणजे वजन साधारण ६०० न्यूटन. झोळ ५० सेंटिमीटर असेल तर साइन थीटा ०.१ आणि ताण ३००० न्यूटन, म्हणजे वजनाच्या पाचपट. तीच केबल ताणून झोळ १० सेंटिमीटरवर आणला तर ताण १५,००० न्यूटन, म्हणजे २५ पट! अगदी सरळ रेषेत ताणायची म्हटली तर ताण अनंत, म्हणजे ते शक्यच नाही. झोळ हीच तिची सुरक्षितता आहे. पेपरात या गणिताचे सहा मार्क मी घेतले होते, पण केबल समोर आल्यावर तिला ओळखलं नाही. "मेकॅनिकलवाली!" असं कॉम्प्युटरच्या मुली दिवसभर म्हणत होत्या.

दुसरी गोष्ट 'बिले'. चढणाऱ्याच्या कमरेला 'हार्नेस', म्हणजे जाड पट्ट्यांची चड्डीसारखी बैठक. तिच्यापासून दोरी वर जाते, पुलीतून फिरून खाली येते आणि खालच्या माणसाच्या हार्नेसला लावलेल्या एका छोट्या धातूच्या उपकरणातून त्याच्या हातात जाते. हा खालचा माणूस म्हणजे 'बिलेअर'. चढणारा पुढे सरकेल तशी तो दोरी आत घेत राहतो. केबलला झोळ हवा, पण या दोरीला ढील चालत नाही. एवढीशी मुलगी आपल्यापेक्षा जड माणसाला कशी धरणार? याचं उत्तर टी.ओ.एम.च्या पुस्तकात बेल्ट फ्रिक्शनच्या धड्यात आहे. दोरी कशाभोवती जितकी जास्त फिरते, तितकी घर्षणाची मदत झपाट्याने वाढते. घर्षणगुणांक ०.३ धरला तर खांबाला एक वेढा दिल्यावर हातातल्या जोराच्या साधारण साडेसहापट भार पेलता येतो आणि दोन वेढे दिल्यावर तब्बल ४३ पट! धक्क्याला मोठी होडी धरून ठेवणारा माणूस हेच करतो. बिलेचं उपकरण दोरीला आळीपिळी देऊन तेच घर्षण मिळवतं. अट एकच : खालच्या बाजूच्या दोरीवरचा हात कधीही सोडायचा नाही.

दोरीला आणि हार्नेसला जोडणारी कडी म्हणजे 'कॅराबिनर'. तिच्या अंगावर आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटनच्या वर, म्हणजे दोन टनांहून जास्त. पण तीच कडी आडवी फिरली किंवा तिचं फाटक उघडं राहिलं तर ताकद जेमतेम ७-८ वर येते. म्हणून फाटकाचा स्क्रू बंद केला का, हार्नेसचं बक्कल उलटून घेतलं का आणि आठाची गाठ नीट बसली का, हे तीनदा तपासतात. यातली एक तपासणी दुसऱ्याने करायचीच. आपली गाठ आपल्याला नेहमी बरोबरच दिसते!

माझी पाळी

माझी बिलेअर कोण, तर तीच उदगीरची मुलगी. तिच्या मागे दोरी धरायला आणखी एक जण आणि शेजारी दादांचा हात. तिने माझी गाठ तपासली, बक्कल ओढून पाहिलं, स्क्रू फिरवला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. का, ते सांगायलाच हवं.

त्याच्या आदल्या वर्षी ती नवीन आली तेव्हा आम्ही एस.ई.च्या मुलींनी रात्री ११ वाजता कॉरिडॉरमध्ये फर्स्ट इयरची 'इंट्रो' घेतली होती. नियम ठरलेले : नजर जमिनीवर, सीनिअरला 'मॅम' म्हणायचं, इंट्रो इंग्लिशमध्ये. ती "माय फादर इज" पर्यंत यायची आणि अडकायची. मग मी तिचे उच्चार सुधारायचे आणि पहिल्यापासून सुरू करायला लावायचे. असं सात-आठ वेळा झालं. सगळ्या हसत होत्या. कोणी तिला बोटही लावलं नाही. दोन दिवस ती मेसला आली नाही, नंतर आठवडाभर घरी गेली. "होमसिक आहे," असं आम्ही म्हणालो. परत आल्यावर मी तिला कँटीनमध्ये चहा पाजला आणि हिशोब मिटला असं समजले. मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेली मी, तिच्याकडून इंग्लिश न आल्याचा दंड वसूल करत होते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

असो. मी खांब चढले, केबलवर पाय ठेवला आणि निघाले. पहिली पाच-सहा पावलं मस्त गेली. मग केबल हलायला लागली. खाली बघितलं आणि गुडघे थडथडायला लागले. गिर्यारोहक याला 'शिलाई मशीन' म्हणतात. हाताची पकड इतकी घट्ट, की बोटं पांढरी पडली. पुढेही जाता येईना आणि मागेही. खालून आरडाओरडा सुरू झाला. "चल ना!" "काय घाबरतेस, दोरी आहे ना!" "एवढी मोठी मॉनिटर आणि फाटली!" सगळे आपलेच मित्र, सगळ्यांचा हेतू चांगला. पण प्रत्येक ओरडण्याबरोबर माझा श्वास आणखी अडकत होता. ३० फुटांवर हेल्मेट घालून मी रडत होते.

तेवढ्यात खालून तिचा आवाज आला, बाकीच्यांसाठी : "सगळे गप्प बसा जरा." आणि मग माझ्यासाठी, सावकाश, मराठीत : "मॅम, दोरी माझ्याकडे घट्ट आहे. घाई नाही. पुढे जायचंय का खाली यायचंय? तुम्ही सांगाल तसं."

मी म्हटलं, "खाली."

"बरं. आता हात सोडा आणि खुर्चीत बसल्यासारख्या मागे बसा."

हात सोडायला मला किती वेळ लागला माहीत नाही. तिने एकदाही घाई केली नाही. मग दोरी घट्ट झाली, हार्नेसने मला उचललं आणि मी हळूहळू खाली आले. केबल मी पार केली नाही. माझा तिसरा हिस्सासुद्धा झाला नव्हता.

संध्याकाळी

दिवसाच्या शेवटी झाडाखाली गोल बसवतात. याला 'डीब्रीफ' म्हणतात आणि ते नसेल तर रोप्स कोर्स म्हणजे नुसती जत्रा, असं दादांचं मत. तीन साधे प्रश्न असतात : काय झालं? त्यातून काय कळलं? आता पुढे काय? माझी पाळी आली तेव्हा मी कॉरिडॉरची गोष्ट सांगितली. रेक्टर मॅडम समोर बसल्या होत्या. तिची माफी मागितली, मराठीत. ती एवढंच म्हणाली, "बरं." तिने मला मिठी वगैरे मारली नाही. मारायला हवी होती असंही नाही.

परत आल्यावर मी महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा शोधून वाचला. त्यात रॅगिंग म्हणजे फक्त मारहाण नाही. ज्याने विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं हेही रॅगिंग आणि एखादा जे एरवी स्वतःहून करणार नाही ते त्याला करायला सांगणं हेही रॅगिंगच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि कॉलेजमधून हकालपट्टी. मी जे केलं ते या व्याख्येत अगदी व्यवस्थित बसतं. आम्ही त्याला 'बॉंडिंग' म्हणत होतो.

इंट्रोच्या बाजूने नेहमी एकच मुद्दा येतो : त्याने ज्युनिअर मोकळे होतात, ग्रुप तयार होतो. रोप्स कोर्सही ग्रुपच तयार करतो. भीती दोन्हीकडे आहे. पण तिथे भीतीच्या आधी गाठ तपासतात, शेजारी जाणकार माणूस उभा असतो आणि 'खाली' म्हटलं की खाली आणतात. आमच्या कॉरिडॉरमध्ये 'खाली' म्हणायची सोय कुठे होती? यंदा ऑगस्टमध्येही इंट्रो झाली. मी घेतली नाही, पण रूममध्ये बसून हसण्याचे आवाज ऐकत राहिले. तेही तितकंच वाईट.

आमच्या मजल्यावर आता आम्ही ठरवलंय. नवीन बॅच आली की आधी सीनिअर्सनी स्वतःची ओळख करून द्यायची. ज्युनिअरला वाटलं तर तिने द्यायची, हव्या त्या भाषेत, दिवसाउजेडी, मेसमध्ये चहा पिताना. 'मॅम' बंद. बाकीच्या मजल्यांनी आणि बॉइज हॉस्टेलनेही विचार करावा, अशी विनंती आहे. रेक्टर मॅडमनी पुढच्या वर्षी कॅम्प ऑगस्टमध्येच न्यायचा का, असं विचारलंय. मी सांगितलं, पावसात केबल निसरडी होते, पाऊस संपल्यावर न्या.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला. तिने नको म्हटलं असतं तर दिला नसता. तिने बसून पूर्ण वाचला, माझे चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅम, सात-आठ वेळा नाही. अकरा वेळा. मी मोजत होते."

मी ती ओळ बदलणार होते. मग तशीच ठेवली. मला ते सात-आठच आठवत होतं, हेही तुम्हाला कळायला हवं.